खिशात दमडी नसताना लंडन

आजची पोस्ट लांब आहे. चहा घेऊन बसा, पण शेवटपर्यंत वाचा. सुरुवात लंडनला होत असली तरी शेवट आपल्या हिंगोलीतच आहे.

आपल्या सेनगाव तालुक्यातला एक पोरगा शिष्यवृत्तीवर लंडनला शिकायला गेलाय. घरी थोडी कोरडवाहू जमीन, आई-बाप दोघंही हंगामात दुसऱ्याच्या शेतात हळद काढायला जाणारे. परवा त्याचा फोन आला. म्हणाला, "काका, इथं बाहेर जेवायचं म्हणजे एका ताटात आपल्या घरचा आठवड्याचा किराणा जातो. पण रविवारी दिवसभर फिरलो. मोठमोठी म्युझियम बघितली, बागेत बसलो, नदीकाठानं चाललो. एक पैसा लागला नाही. कोणी तिकीटच मागेना. मी दारात दोन मिनिटं उभाच राहिलो, वाटलं आता कोणीतरी अडवेल."

हे शेवटचं वाक्य काही डोक्यातून जाईना. 'वाटलं कोणीतरी अडवेल.' आपल्याकडचं लेकरू मोठ्या इमारतीच्या दारात गेलं की त्याचे पाय आपोआप थांबतात. का थांबतात, आणि लंडनच्या त्या दारात का अडवत नाहीत, याला इतिहास आहे. तोच आज सांगायचाय.

शंभर वर्षांपूर्वीचा एक विद्यार्थी

लंडनमध्ये खिशात पैसे नसताना राहणारा सेनगावचा पोरगा काही पहिला नाही. सातारच्या प्रतापसिंह छत्रपतींची बाजू मांडायला गेलेले रंगो बापूजी १८४० ते १८५३ या काळात बारा-तेरा वर्षं तिथं अडकून पडले होते. पैसे संपले, कर्ज झालं, इकडे धनी वारले, सातारचं राज्यही खालसा झालं, तरी हा माणूस कंपनीच्या दारात अर्ज घेऊन उभाच. पण आजच्या विषयाला सगळ्यात जवळचं उदाहरण आहे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं.

बाबासाहेब १९१६ मध्ये अमेरिकेहून लंडनला गेले, लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये आणि बॅरिस्टरीसाठी ग्रेज इनमध्ये नाव घातलं. बडोद्याच्या शिष्यवृत्तीची मुदत संपली म्हणून १९१७ ला शिक्षण अर्धवट टाकून परत यावं लागलं. करारानुसार बडोद्याला नोकरीवर हजर झाले. तिथं काय झालं ते त्यांनी स्वतः लिहून ठेवलंय. हुद्दा होता, पगार होता, परदेशी शिक्षण होतं, पण राहायला खोली मिळेना. एका पारशी सराईत पारशी नाव सांगून राहिले. काही दिवसांनी लोक काठ्या घेऊन आले आणि सामानासकट बाहेर काढलं. गाडीला वेळ होता तोवर कामाठी बागेत बसून राहिले आणि रात्रीच्या गाडीनं मुंबईला परतले.

हे नीट लक्षात घ्या. पैसे मोजायची तयारी असूनही या माणसाला आपल्या देशातल्या शहरात दार उघडलं नाही.

मग मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकी केली, पगारातून पै-पै साठवली, शाहू महाराजांनी मदत केली, नवल भथेना या मित्राकडून पाच हजार रुपये उसने घेतले आणि १९२० च्या जुलैमध्ये बाबासाहेब पुन्हा लंडनला निघाले. पैसे मोजके, आणि इकडे रमाईंच्या हातात त्याहून मोजके. कॉलेजची फी भरावीच लागणार होती. राहिलं पोट आणि प्रवास. काटकसर झाली ती तिथंच.

त्यांच्या चरित्रात या दिवसांचं वर्णन आहे. घरमालकीण कडक. सकाळी पावाचा तुकडा, जरा जॅम आणि चहा. दुपारच्या जेवणाला चाट. रात्री गरम बोव्हरिल, म्हणजे मांसाच्या अर्काचं पेय, आणि बिस्किटं. रात्री दहाच्या सुमाराला पोटात कावळे ओरडायला लागले की कोणी ओळखीच्यानं दिलेल्या पापडांतले चार पापड पत्र्यावर भाजायचे आणि कपभर दुधाबरोबर खायचे. मग पुन्हा पुस्तक.

आणि दिवसभर? दिवसभर ब्रिटिश म्युझियमच्या वाचनालयात. दार उघडायच्या वेळेला हजर, आणि बंद होताना जवळजवळ सगळ्यात शेवटी बाहेर. त्या गोल घुमटाखाली बसायला वाचकाचा परवाना लागायचा, पण पैसे लागत नसत. एकदा परवाना मिळाला की खुर्ची, टेबल, उजेड आणि मागाल ते पुस्तक. त्याच घुमटाखाली कार्ल मार्क्सनं आयुष्याची कित्येक वर्षं काढली, लेनिननं टोपणनावानं परवाना घेतला होता. शेजारच्या खुर्चीवर कोण बसलंय, त्याची जात कोणती, हे विचारायची तिथं पद्धत नव्हती.

त्या अभ्यासातून १९२१ मध्ये एम.एस्सी. आणि १९२३ मध्ये डी.एस्सी. झाली, बॅरिस्टरीही पुरी झाली. 'द प्रॉब्लेम ऑफ द रुपी' हा ग्रंथ लंडनमध्येच छापून निघाला. पुढं १९२५ मध्ये भारताच्या चलनाची चौकशी करायला हिल्टन यंग कमिशन आलं तेव्हा बाबासाहेबांनी त्याच्यापुढं साक्ष दिली. देशाच्या रुपयाचं कोडं सोडवणाऱ्या माणसाला स्वतःच्या दुपारच्या जेवणाचे पैसे नव्हते, पण बसायला खुर्ची होती. ती खुर्ची फुकट होती म्हणून हे शक्य झालं.

ते फुकट कोणी केलं?

आपल्याकडं म्हणतात, फुकट ते पौष्टिक. पण जगात काहीच फुकट नसतं, कोणीतरी आधी पैसे भरलेले असतात. ब्रिटिश म्युझियमचंही तसंच.

सर हॅन्स स्लोन नावाचे एक डॉक्टर होते. त्यांनी आयुष्यभर जमवलेल्या वस्तू, पुस्तकं, वनस्पतींचे नमुने मिळून सत्तर हजारांच्या वर भरले. वारसांना २० हजार पौंड द्या आणि सगळा संग्रह देशाला घ्या, असं मृत्युपत्र करून १७५३ मध्ये ते वारले. पार्लमेंटनं त्याच वर्षी कायदा केला, पैसे उभे करायला चक्क लॉटरी काढली आणि १५ जानेवारी १७५९ ला म्युझियम उघडलं. प्रवेशाला पैसे नाहीत, हे पहिल्या दिवसापासून.

पण लगेच टाळ्या वाजवू नका. सुरुवातीला प्रवेश फुकट असला तरी आधी लेखी अर्ज करावा लागे, मग पास मिळे. अर्ज लिहिणार कोण? ज्याला लिहिता येतं तो. म्हणजे दार उघडं होतं, पण उंबरठा उंच होता. गाडीवान, हमाल, मोलकरीण यांना तो ओलांडायला आणखी कित्येक दशकं जावी लागली.

एकोणिसाव्या शतकात तो उंबरठा हळूहळू घासला गेला. १८२४ मध्ये सरकारनं अँगरस्टीन नावाच्या सावकाराची ३८ चित्रं विकत घेऊन नॅशनल गॅलरी सुरू केली. पुढं तिला ट्रॅफल्गार चौकात जागा दिली. त्यामागचा विचार असा की पश्चिमेकडचे श्रीमंत बग्गीतून येतील आणि पूर्वेकडचे गरीब पायी येतील, दोघांना सारखंच जवळ. १८५७ मध्ये साउथ केन्सिंग्टनला म्युझियम निघालं, आजचं व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट. त्यात गॅसचे दिवे लावले आणि ते संध्याकाळी उघडं ठेवलं. का? कामगार दिवसा कामावर असतो, तो येणार संध्याकाळीच. बघा, एक दिवा लावायचा साधा निर्णय, पण त्यामागं कोणीतरी मजुराच्या वेळापत्रकाचा विचार केला होता.

वाचनालयांचंही तसंच. १८५० मध्ये तिथं सार्वजनिक वाचनालयांचा कायदा झाला. नगरपालिकेला मालमत्ता करात पौंडामागं अर्धा पेनी वाढवून वाचनालय बांधायची मुभा मिळाली. तेव्हाही विरोध झाला. कामगार वाचायला लागले तर ऐकायचे नाहीत, ही भीती उघडपणे बोलून दाखवली गेली. भीती खरी होती म्हणा. वाचणारा माणूस ऐकत नाहीच.

आणि एकदा मिळालं म्हणजे कायमचं मिळालं, असंही झालं नाही. जानेवारी १९७४ मध्ये तिथल्या सरकारनं राष्ट्रीय म्युझियमांना तिकीट लावलं. लोकांनी आरडाओरडा केला, सरकार बदललं आणि काही महिन्यांत तिकीट गेलं. १९८० नंतर पुन्हा एकेका म्युझियमनं तिकीट लावायला सुरुवात केली. अखेर १ डिसेंबर २००१ पासून सगळ्या राष्ट्रीय म्युझियमचे कायमचे विभाग सगळ्यांना मोफत झाले. आमचा पोरगा ज्या दारातून बिनतिकिटाचा आत गेला, ते दार अशा भांडणांतून उघडं राहिलेलं आहे.

आणि पैसे कोणाचे?

इथं दुसरी बाजूही सांगितली पाहिजे, नाहीतर ही पोस्ट गोऱ्यांची आरती होईल.

स्लोन साहेबांच्या संपत्तीतला मोठा वाटा त्यांच्या बायकोकडून आला, आणि तो होता जमैकातल्या उसाच्या मळ्यांचा, जिथं गुलाम राबत. म्युझियममधल्या कितीतरी वस्तू साम्राज्यानं उचलून नेलेल्या. आंध्रातल्या अमरावतीच्या स्तूपाचे कोरीव दगड आज ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत. आपल्या अजिंठ्याची नक्कल करायला मुंबईच्या आर्ट स्कूलची पोरं १८७२ पासून बरीच वर्षं लेण्यांत काम करत होती. ती चित्रं लंडनला गेली आणि त्यातली कित्येक तिथं आगीत जळाली.

हिंगोलीचाही यात हिशोब आहे. आपल्या हिंगोलीत हैदराबाद कंटिंजंटची छावणी होती. फौज नावाला निजामाची, अधिकारी इंग्रज, खर्च निजामानं द्यायचा. तो खर्च थकला म्हणून १८५३ मध्ये कंपनीनं निजामाकडून अख्खा वऱ्हाड ताब्यात घेतला. कापसाचा वऱ्हाड, आपल्या उंबरठ्याला लागून असलेला. तेव्हा लंडनचं 'फुकट' बघताना मान खाली घालायचं काही कारण नाही. त्यात आपल्याही आज्या-पणज्यांचा घाम आहे. मी तर त्या पोराला म्हणालो, "बिनधास्त जा. तिकीट आपण आधीच काढलेलं आहे."

एक दिवस, बिनपैशाचा

आपल्याकडून आता बरीच पोरं-पोरी तिकडं जातात. राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे, कोणी नोकरीला, कोणी लेकीच्या बाळंतपणाला. विमान, व्हिसा महाग आहेत, त्याला इलाज नाही. पण एकदा पोचल्यावर एक दिवस असा काढता येतो.

सकाळी किंग हेन्रीज रोडवर १० नंबरच्या घरापासून निघायचं. बाबासाहेब १९२१-२२ मध्ये इथं राहत. भिंतीवर निळी गोल पाटी आहे. हे घर महाराष्ट्र सरकारनं २०१५ मध्ये विकत घेतलं आणि त्याच वर्षी १४ नोव्हेंबरला तिथं स्मारकाचं उद्घाटन झालं. पुढं काही शेजाऱ्यांनी तक्रार केली की या वस्तीत म्युझियम नको, माणसांची वर्दळ वाढते. तिथल्या कौन्सिलनं परवानगी नाकारली, चौकशी बसली, आणि २०२० मध्ये परवानगी मिळाली. म्हणजे लंडनमध्येसुद्धा बाबासाहेबांना घरासाठी झगडा चुकला नाही.

तिथून चार पावलांवर प्रिमरोज हिल ही टेकडी. वर चढलं की अख्खं लंडन समोर. मग रीजंट्स पार्कमधून चालत ब्रिटिश म्युझियम. साधारण तासाभराची चाल. वाचनालय आता तिथं नाही, ते सेंट पँक्रसजवळच्या ब्रिटिश लायब्ररीत गेलं. पण तिथंही वाचकाचा पास मोफतच मिळतो.

पुढं ट्रॅफल्गार चौक, नॅशनल गॅलरी. एकाच चित्रापुढं तासभर बसा, कोणी उठवत नाही. तिथून खाली पार्लमेंट. सभागृह चालू असेल तर रांग लावून प्रेक्षक गॅलरीत बसता येतं, चर्चा ऐकायला पैसे नाहीत. नदीच्या पलीकडच्या काठावर महात्मा बसवेश्वरांचा पुतळा आहे, पार्लमेंटच्या जवळजवळ समोर. त्याचंही अनावरण १४ नोव्हेंबर २०१५ चंच. बाराव्या शतकात अनुभव मंटपात सगळ्या जातींच्या बाया-माणसांना एकत्र बसवणारा माणूस तिथं पार्लमेंटकडं तोंड करून उभा आहे. आपल्या वसमत, कळमनुरीकडच्या मंडळींनी तर आवर्जून जावं.

रविवार असेल तर हाइड पार्कचा स्पीकर्स कॉर्नर. स्टुलावर उभं राहून कोणीही काहीही बोलतो, लोक टिंगल करतात, तो उत्तर देतो. हेही आयतं मिळालं नाही. १८६६ मध्ये मताचा हक्क मागणाऱ्या लोकांना या बागेत सभा घ्यायला बंदी केली, लोकांनी बागेचं लोखंडी कुंपण उपटलं, आणि १८७२ च्या कायद्यानं तिथं बोलायची जागा मान्य झाली.

व्हिक्टोरिया अँड अल्बर्टमध्ये टिपूचा वाघ आहे. वाघनखंही तिथलीच. २०२४ च्या जुलैमध्ये ती तीन वर्षांसाठी महाराष्ट्रात आली, सुरुवातीला साताऱ्याला. ती महाराजांचीच आहेत असं ते म्युझियम स्वतःही खात्रीनं म्हणत नाही, पण बघायला रांगा लागल्या.

भूक लागली तर?

एवढं चालल्यावर भूक लागणारच. लंडनच्या पश्चिमेला साउथॉल आहे, पंजाब्यांची वस्ती. तिथं मोठा गुरुद्वारा आहे, २००३ मध्ये उघडलेला. डोकं झाकायचं, जोडे काढायचे, हात धुवायचे आणि पंगतीत बसायचं. डाळ, रोटी, भाजी, खीर. जात, धर्म, देश कोणी विचारत नाही. आपल्याला हे नवीन नाही, नांदेडला आपण कित्येकदा जेवलोय.

आता ध्यानात घ्या. त्या गुरुद्वाऱ्यात ज्या ग्रंथापुढं सगळे माथा टेकतात, त्या गुरु ग्रंथ साहिबात संत नामदेवांची ६१ पदं आहेत. नामदेव कुठले? आपल्या नरसीचे. हिंगोलीहून निघालात तर चहा गार व्हायच्या आत नरसी येते. म्हणजे लंडनमध्ये फुकट जेवण जिथं मिळतं, तिथं आपल्या जिल्ह्यातल्या एका शिंप्याचा शब्द रोज म्हटला जातो. तो पोरगा हे ऐकून फोनवर गप्पच झाला. मग म्हणाला, "काका, हे मला कोणी सांगितलं नव्हतं."

दार कोणी फिरवलं?

नामदेवांचा विषय निघालाच आहे तर औंढ्याची गोष्ट आठवा. तुमच्या आजीनं सांगितलेली असणार. नामदेव नागनाथाच्या पुढं कीर्तन करत होते. पुजारी म्हणाले, वाट अडते, इथून उठा, मागं जा. नामदेव मागं गेले आणि तिथं कीर्तन सुरू केलं, तर देऊळच फिरलं आणि देवानं नामदेवांकडं तोंड केलं. औंढ्याला नंदी देवळाच्या मागच्या बाजूला का, याचं उत्तर म्हणून ही आख्यायिका सांगतात.

इतिहास म्हणून ती खरी की खोटी, हा वाद मी घालत नाही. पण एखाद्या गावानं ही गोष्ट सातशे वर्षं जपून ठेवली, यातच सगळं आलं. लोकांना माहीत होतं की दारातून उठवणं चूक आहे. माणसांनी दार उघडलं नाही म्हणून गोष्टीत देवाला फिरावं लागलं.

खऱ्या आयुष्यात देऊळ फिरत नाही. १९३४ मध्ये बाबासाहेब तीसेक सहकाऱ्यांना घेऊन वेरूळ बघायला आपल्या मराठवाड्यात आले होते. वाटेत दौलताबादचा किल्ला बघायला थांबले. प्रवासाच्या धुळीनं माखलेले, म्हणून दाराजवळच्या हौदावर हात-तोंड धुतलं. तेवढ्यावरून हौद बाटवला म्हणून गर्दी जमली, शिवीगाळ झाली. शेवटी किल्ला बघू दिला, पण पाण्याला हात लावू नये म्हणून बरोबर हत्यारबंद शिपाई दिला. जो माणूस लंडनच्या वाचनालयात मागेल ते पुस्तक घेऊन बसला, डी.एस्सी. झाला, बॅरिस्टर झाला, त्याला आपल्या मराठवाड्यात एक किल्ला साधेपणानं बघता आला नाही.

हा प्रसंग मुस्लिमबहुल जमावाचा होता, बडोद्याचा पारशांचा, आणि पंढरपूरच्या विठ्ठलाचं दार दलितांना उघडायला साने गुरुजींना १९४७ च्या मे महिन्यात दहा दिवस उपास करावा लागला, तो हिंदूंपुढं. म्हणून कोणी दुसऱ्याकडं बोट दाखवू नये. दार बंद करण्यात आपण सगळे एक होतो.

सेनगावचा पोरगा लंडनच्या दारात दोन मिनिटं का थांबला, त्याचं कारण हे आहे. त्याच्या पायांना पिढ्यान्‌पिढ्या शिकवलंय.

आता हिंगोली

फुकट फिरायची गंमत सांगता सांगता मी इथं का आलो? कारण मला वाटतं, शहराची खरी श्रीमंती तिथल्या मॉलमध्ये दिसत नाही. खिशात काही नसलेल्या माणसाला त्या गावात कुठं बसता येतं, काय बघता येतं, काय वाचता येतं, यावर ती मोजावी.

आपल्याकडं काहीच नाही असं मुळीच नाही. आषाढीला पालखी येते तेव्हा गाव हजारो माणसांना फुकट जेवू घालतं, कोणी पावती मागत नाही. दसऱ्याला रामलीला मैदानावर अख्खा जिल्हा लोटतो. औंढ्याच्या देवळाचं बाहेरचं कोरीव काम म्हणजे दगडाचं म्युझियमच आहे, कधी दर्शनाची घाई सोडून भोवती एक फेरी मारा. देण्याची दानत आपल्यात आहे. ती सणासुदीला जागी होते आणि रोजच्या दिवसाला झोपते, एवढंच.

रोजचा दिवस कसा आहे? एमपीएससी, पोलीस भरती, तलाठी भरतीची तयारी करणारी आपली पोरं-पोरी महिन्याची फी भरून खाजगी अभ्यासिकेत खुर्ची घेतात. घरी सहा माणसं आणि एक खोली, वाचणार कुठं? ज्याच्या बापाकडं फीचे पैसे आहेत त्याला खुर्ची, नाहीत त्याला बसस्टँड. अभ्यासिकावाल्यांना मी दोष देत नाही, त्यांनाही भाडं, वीज भरायचीय. पण मागच्या महिन्यात मी आपल्याच जिल्ह्यातल्या एका वाचनालयात गेलो. नाव घेत नाही. दुपारचे चार वाजले होते, पाटी झळकत होती आणि दाराला कुलूप. शेजारचा टपरीवाला म्हणाला, "सकाळी पेपरापुरतं उघडतेत."

आपल्या राज्यात १९६७ चा ग्रंथालय कायदा आहे. तो कर्नाटक, तमिळनाडूसारखा वाचनालयासाठी वेगळा कर घेत नाही, सगळी मदार सरकारच्या अनुदानावर. अनुदान तोकडं, ग्रंथपालाचा पगार त्याहून तोकडा. त्या बिचाऱ्यानं दिवसभर दार उघडं ठेवायचं तर घर कसं चालवायचं? म्हणून कुलपावर नुसतं चिडून भागणार नाही. तिकडं १८५० ला अर्ध्या पेनीचा कर बसवला, तेव्हा कुठं दार उघडलं. आणि गेल्या पंधरा वर्षांत तिथल्याही सरकारनं हात आखडता घेतला, तर शेकडो वाचनालयं बंद पडली. पैसे कोणीतरी भरावेच लागतात. सगळ्यांनी थोडे थोडे भरले तर गरिबाला काही भरावं लागत नाही.

नगरपालिका, पंचायतींच्या निवडणुकांत रस्ता, नाली, हायमास्ट यावर मतं मागतात. मागू देत. पण यावेळी दारात येणाऱ्या प्रत्येकाला एक प्रश्न विचारा: आमच्या गावात रात्री दहापर्यंत उघडी असणारी, पंखा आणि दिवा असलेली, फुकट बसता येणारी एक खोली कधी करणार? पन्नास खुर्च्या, पिण्याचं पाणी, पोरींसाठी स्वच्छ संडास. एवढंच. बांधकाम करायचीही गरज नाही. बंद पडलेली समाजमंदिरं, संध्याकाळी मोकळ्या असलेल्या शाळेच्या खोल्या प्रत्येक गावात आहेत. लागतो तो दिवा लावायचा निर्णय. साउथ केन्सिंग्टनला तो १८५७ मध्ये घेतला होता.

आणि आपण स्वतः काय करू शकतो? आपल्या गावातलं वाचनालय किती वाजता उघडतं आणि किती वाजता बंद होतं, एवढं या आठवड्यात जाऊन बघा आणि खाली लिहा. वर्गणी भरून सभासद व्हा. सभासद असलेल्या माणसाला बैठकीत हक्कानं विचारता येतं.

कालच त्या पोराचा मेसेज आला. त्यानं ब्रिटिश लायब्ररीचा पास काढलाय. खिडकीजवळच्या टेबलाचा फोटो पाठवलाय आणि खाली लिहिलंय, "काका, आज दारात थांबलो नाही."

त्याच्या धाकट्या बहिणीची बारावी यंदा झाली. ती भरतीची तयारी करतेय, आणि सध्या घराच्या ओट्यावर बसून वाचतेय.